साडेतीन तोळे समुद्र

सराफ्यातल्या ज्या पेढीवर आमच्या घरातली दोन मंगळसूत्रं तोलली गेली, त्याच पेढीवर गेल्या चैत्रात मी मीठ तोलायला घेऊन गेलो. पेढीवरच्या काकांनी माझ्या हातातली पुडी पाहिली आणि पुढे केलेला हात मागे घेतला. "मीठ हातात देऊ नका. गादीवर ठेवा." मीठ हातोहात दिलं-घेतलं की दोन माणसांत भांडण लागतं, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. मी पुडी गादीवर ठेवली, त्यांनी ती गादीवरून उचलली. काचेच्या पेटीतल्या काट्यावर कागदाचा छोटा द्रोण ठेवून त्यांनी आकडा शून्यावर आणला.

"किती पाहिजे?"

"साडेछत्तीस ग्रॅम. तव्यावर कोरडं करून आणलंय."

"म्हणजे साडेतीन तोळे, वर दीड ग्रॅम."

चमच्याच्या टोकाने ते दाणा दाणा सोडत राहिले. शेवटचा दशांश जुळेपर्यंत आम्ही दोघंही श्वास रोखून होतो. मग त्यांनी चांदी तोलायचा मोठा काटा पुढे ओढला. त्यावर बॅटरीच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर मापलं, ९६३.५ ग्रॅम. मीठ सोन्याच्या काट्यावर, पाणी चांदीच्या. दोन्ही मिळून एका बाटलीत बरोबर एक किलो. बाटली हलवली, मीठ दिसेनासं झालं. काकांनी पैसे घेतले नाहीत. कशासाठी, एवढंच विचारलं.

"समुद्र मोजायचाय," मी म्हणालो.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातून समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरहून लांब आहे, आणि साडेपाचशे मीटरहून अधिक खाली. माझ्या लहानपणी तो आमच्या घरी एका शब्दातून यायचा, समुद्रसपाटी. बाबा जायकवाडीवर ओव्हरसियर होते. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी धरणाची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. त्यामधली बहुतेक वर्षं बाबांनी पैठणच्या उन्हात मातीच्या भरावावर काढली. धरणाचा जलाशय, म्हणजे नाथसागर, पूर्ण भरला की पातळी १५२२ फूट. आजही पावसाळ्यात इथली माणसं धरण किती भरलं ते फुटांत विचारतात, आणि तो प्रत्येक फूट समुद्रापासून मोजलेला असतो. बाबांनी आयुष्यभर समुद्रापासून मोजलं, आणि समुद्र पाहिला तो लग्नात. कारण आईचं माहेर हर्णैचं.

बाबांचा एक नियम मला पाठ आहे. डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, उभी केली की पहिली पट्टी बेंचमार्कवर, म्हणजे ज्याची उंची आधीच ठरलेली आहे त्या दगडावर, धरायची. काम सुरू करताना एकदा, संपवताना पुन्हा एकदा. आणि बेंचमार्क जवळचा हवा. लांबच्या दगडावरून आणलेली पातळी वाटेत चुका गोळा करत येते, असं ते म्हणायचे. तेव्हा मला हे फक्त धरणाच्या कामाचं बोलणं वाटत होतं.

तीन वर्षांपूर्वी आईचे गुडघे इतके बिघडले की हर्णैचा प्रवास बंद झाला. ती तक्रार करणारी नव्हे. पण संध्याकाळी सिडकोतल्या घराच्या गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून बसायची, आणि वारा सुटला की "भरती असेल आता," असं स्वतःशीच म्हणायची. तिच्यासाठी म्हणून मी हॉलमध्ये १२० लिटरची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. तळाशी रेती, त्यावर शेतातून आणलेले बेसाल्टचे काळे दगड. प्रवाळ मी ठेवलेलं नाही. खडक उभारणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि कायदा नसता तरी समुद्रातून खरवडून काढलेली वस्ती हॉलमध्ये मांडावी असं मला वाटलं नसतं. क्लाऊनफिशची जोडी आहे, तीही टाकीत पैदास झालेली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलंय. त्याखेरीज चार गोगलगायी आणि, तेव्हा, पांढऱ्या लांब मिशांची एक कोळंबी.

सामान घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने इथल्या दखनीत विचारलं, "मीठे पानी का टँक है क्या खारे का?" त्याचं मीठं पाणी म्हणजे गोडं, माझं मिठाचं पाणी म्हणजे खारं. दोन्ही शब्द संस्कृतातल्या एकाच 'मिष्ट'वरून आलेले. तिकडे त्याचा अर्थ गोड राहिला, आपण मराठीत तो जेवणाला चव आणणाऱ्या खड्याला दिला. या शहरात दोन्ही अर्थ एकाच बाजारात, एकाच गल्ल्यावर बोलले जातात. मला हा शब्द तेव्हापासून फार आवडतो.

टाकीतलं पाणी नळाचंच. कित्येक दिवसांनी येणारं, जायकवाडीहून चढवलेलं, आरओमधून गाळलेलं. आरओतून बाजूला पडणारं पाणी मी बादलीत धरतो आणि फरशी त्यानेच पुसतो. ज्या गावात माणसं टँकरच्या वेळा पाठ करतात, त्या गावात एक थेंबही वाया घालवायचा मला अधिकार नाही. त्या गाळलेल्या पाण्यात समुद्री मिठाची पूड मिसळायची. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघून १४६५ किलोमीटर चालते, राजमहेंद्रीच्या पुढे फाटे फुटतात आणि मग कुठे ती बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या हॉलमध्ये ती पैठण ओलांडल्याबरोबर समुद्राला मिळते.

आता अडचण इथून सुरू होते. खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. साडेतीन टक्के. आपल्याला साडेतीनची सवय आहे, मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन. टाकीतल्या जिवांना मात्र हा साडेतीनचा आकडा रोज, तासातासाला लागतो. आणि वैशाखात इथली हवा पाणी पिते. तापमान खाली ठेवायला मी टाकीवर पंखा लावतो, पाणी थंड होतं ते उडून जाऊनच. दिवसाला दोन लिटरपर्यंत उडतं. उडतं ते निव्वळ गोडं पाणी, मीठ सगळं मागे राहतं. म्हणून वरून भरायचं ते फक्त गोडं. किती भरायचं हे कळायला मोजायला हवं, आणि मोजण्यातच मी पहिल्या वर्षी चुकलो.

माझ्याकडे प्लॅस्टिकच्या डबीतला हायड्रोमीटर होता. डबीत पाणी भरलं की आतला काटा तरंगून वर उठतो, पाणी जितकं जड तितका वर. तो सांगेल ते मी खरं मानलं. पण पाणी भरताना काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटत होते, माझ्या डोळ्याला न दिसणारे. बुडबुड्यांनी काटा उचलला जायचा, आकडा वाढलेला दिसायचा. मी घाबरून गोडं पाणी घालायचो. पुन्हा मोजायचो, पुन्हा बुडबुडे, पुन्हा गोडं पाणी. असे तीन आठवडे. त्यात उन्हाळा वेगळाच. असा काटा ठरावीक तापमानासाठी आखलेला असतो. पाणी सहा अंशांनी जास्त गरम असलं, तर नुसत्या प्रसरणाने हजारी दोन-अडीच क्षारांची चूक होते, तीही उलट दिशेला. एक चूक वर ओढत होती, दुसरी खाली, आणि मी मधल्या आकड्याला समुद्र समजत होतो.

शंका आली तेव्हा मी आईला चव घ्यायला सांगितलं. तिच्या हातची आमटी साठ वर्षांत एकदाही अळणी किंवा खारट झाली नाही. मीठ तिने कधी चमच्याने घातलं नाही, हाताच्या खोलगटीत घेऊन घातलं. शिवाय समुद्राच्या पाण्यात ती लहानाची मोठी झाली. तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं, थोडा वेळ डोळे मिटले. "बरोबर आहे," म्हणाली. "हर्णैचंच."

दोन दिवसांनी कोळंबी मेली. कात टाकताना अर्धी बाहेर, अर्धी आत, तशीच. गोगलगायी दार लावून बसल्या होत्या. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने बाटलीभर पाणी नेऊन प्रयोगशाळेतल्या यंत्रावर विद्युतवाहकता मोजली. पंचवीस अंशांना समुद्राच्या पाण्याची ती ५३ मिलिसीमेन्सच्या आसपास यायला हवी. आमची आली साडेत्रेचाळीस. म्हणजे क्षार हजारी २८. समुद्राचा पाचवा हिस्सा मी धुऊन टाकला होता.

मासे वाचले, कारण माशाचं रक्त समुद्राच्या एक तृतीयांश खारट असतं आणि समुद्रातला मासा सदोदित पाणी पीत, कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकत स्वतःचा समतोल धरून राहतो. त्याच्याकडे काम करणारी यंत्रणा आहे. गोगलगाईकडे ती नाही. बाहेर जे पाणी, तेच तिच्या अंगात. कोळंबीच्या जातीजातींत फरक. काही खाडीतल्या कोळंब्या भरती-ओहोटीबरोबर बदलणारा खारटपणा सहज सोसतात, काही नाही. डॉ. एन. के. पणिक्कर यांनी ऐन तारुण्यात याच प्रश्नावर काम केलं होतं, बाहेरचं पाणी बदललं तर कोळंबी आतलं कसं सांभाळते. पुढे १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक. गोव्यात दोना पावलाच्या टेकडीवर ती संस्था आज उभी आहे. आमची कोळंबी सोसणाऱ्यांतली नव्हती, आणि ते मला आधी माहीत असायला हवं होतं. तिला मी कुंडीतल्या प्राजक्ताखाली पुरलं. आई दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "माझी जीभ कशी चुकली रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला दोन वर्षं लागली. आमटीत मीठ असतं हजारी आठ-दहा. दवाखान्यातली नेहमीची सलाईन हजारी नऊ. आपली जीभ तेवढ्यावर जुळलेली असते. तिथे चिमटीएवढा फरकही तिला कळतो. २८ आणि ३५ हे दोन्ही तिच्यासाठी फक्त 'खारट' असतात, शेजारीशेजारी ठेवले नाहीत तर वेगळे ओळखू येत नाहीत. आईचा बेंचमार्क स्वयंपाकघरातला होता. समुद्र तिथून फार लांब पडत होता.

मग रिफ्रॅक्टोमीटर आला. लहानशा दुर्बिणीसारखं ते यंत्र हातात धरायला फार सुंदर आहे. तिरप्या काचेवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि खिडकीकडे तोंड करून डोळा लावायचा. आत वर निळं, खाली पांढरं, आणि दोघांची सीमारेषा आकड्यांच्या शिडीवर कुठेतरी टेकलेली. आई तिला क्षितिज म्हणते. खारं पाणी उजेडाला जास्त वाकवतं, तेवढ्यावर हे यंत्र चालतं. पहिल्या दिवशी डिस्टिल्ड पाणी घालून मी रेषा शून्यावर आणली, बारीक स्क्रू फिरवून. त्यापुढे वर्षभर टाकी ३५ वर ठेवली आणि निश्चिंत राहिलो.

पण शून्य जुळलं म्हणून पस्तीस जुळतं का? बाबा असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी हे विचारलं असतं. शून्य म्हणजे गोड्या पाण्याचा दगड. तिथून समुद्रापर्यंत पस्तीस पायऱ्या आहेत, आणि पायरीगणिक चूक थोडी थोडी वाढू शकते. रेषा तपासायची ती पस्तिसाजवळ तपासली पाहिजे.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला सर्वांत जास्त भावली. यंत्राला मीठ दिसत नाही. हायड्रोमीटरला वजन कळतं, रिफ्रॅक्टोमीटरला उजेडाचं वाकणं, वाहकतेच्या यंत्राला विजेचं वहन. त्यावरून मिठाचा अंदाज आपण करतो. हा अंदाज चालतो, कारण जगभरच्या समुद्रांत क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ एकच असतं. १८७२ ते १८७६ मध्ये चॅलेंजर नावाच्या जहाजाने पृथ्वीभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं. त्यातल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण विल्यम डिटमार यांनी ग्लासगोत केलं आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. पाणी कुठे कमी खारट, कुठे जास्त. पण सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम यांची वाटणी सगळीकडे तीच. नद्यांच्या पाण्यामुळे बंगालचा उपसागर अरबी समुद्राहून फिका, तरी मसाला एकच. एक गुण मोजला की बाकी सगळं कळतं.

हे सगळीकडे चालत नाही, याचा पुरावा आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. लोणारला मी कितीदा तरी गेलोय. उल्केने बेसाल्टमध्ये पाडलेलं पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर, तळाशी हिरवट पाणी. काठावरच्या धारेचं गोडं पाणी बारा महिने आत येतं. बाहेर जायला वाट कुठेच नाही, पाणी नेतं ते फक्त ऊन. मीठ मागे राहतं. आमच्या टाकीत जे दोन दिवसांत होतं ते तिथे हजारो वर्षं चाललंय, फक्त वरून मोजून भरणारं कुणी नाही. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. लोणारच्या पाण्यात मिठाबरोबर सोड्याचे क्षार फार, म्हणून ते समुद्रासारखं नाही. माझं यंत्र तिथल्या पाण्याच्या थेंबालाही एक आकडा देईल. त्या आकड्याला काही अर्थ नसेल.

माझ्या यंत्राची पस्तिसाजवळची परीक्षा सराफ्यात भरलेल्या त्या बाटलीने करायची होती. साडेछत्तीस ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम पाणी. हे मिश्रण उजेडाला नेमकं तेवढंच वाकवतं जेवढं हजारी ३५ चं समुद्राचं पाणी. समुद्रासाठी आखलेलं यंत्र असेल तर त्याने या थेंबावर ३५ दाखवायला हवं. सराफ्यातून घरी आलो, बाटली टाकीच्या शेजारी दोन तास ठेवली, दोन्हींचं तापमान सारखं होऊ दिलं, काच पुसली, थेंब टाकला. क्षितिज थांबलं साडेछत्तीसवर.

मी तीन वेळा केलं. तीनही वेळा साडेछत्तीस. यंत्राने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. ते साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेलं होतं, आणि साधं मीठ त्याने अगदी अचूक मोजलं. समुद्र मात्र त्याला कुणी दाखवलेलाच नव्हता. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के, उरलेले सगळे वेगळे. वर्षभर मी ज्याला पस्तीस समजत होतो ते साडेतेहतीस होतं. दीडाचा फरक माशांना कळलाही नसेल. पण एक वर्ष मी अंदाजाला ज्ञान मानत होतो, आणि हे मला लागलं. काचेच्या पेटीत जीव आणून ठेवले की त्यांचा समुद्र किती खारट आहे हे माहीत असणं माझं कर्तव्य आहे. त्यांना उठून दुसरीकडे जाता येत नाही.

त्या दिवशी आईने बाटलीवर कागद चिकटवला आणि तिच्या गोल अक्षरात लिहिलं, 'समुद्र. चैत्र.'

वैशाखात एका दुपारी ती मला "अहो" म्हणाली.

मी हसून दुर्लक्ष केलं नाही, हे बरं झालं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झालीत. पुन्हा म्हणाली, "अहो, छत्री घेतली का?" बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं. रिक्षात बसवलं, दवाखान्यात नेलं. रक्तातलं सोडियम ११६ आलं, असायला हवं १३५ ते १४५. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. रक्तदाबासाठी मीठ कमी केलेलं, लघवी वाढवणारी गोळी चालू, आणि उन्हाळा म्हणून आम्ही सगळे तिच्यामागे लागून तांब्या-तांब्या पाणी पाजत होतो. वर्तमानपत्रं तेच सांगतात, शेजारीही तेच. गोडं पाणी आम्ही ओतत राहिलो आणि ती फिकी होत गेली.

"लवकर वाढवा ना," मी म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "लवकर वाढवलं तर मेंदूला इजा होते. चोवीस तासांत आठाच्या वर नाही." नर्सने लावलेल्या छोट्या बाटलीवर लिहिलं होतं, सोडियम क्लोराइड ३ टक्के. रात्री जागताना मी फोनवर हिशेब केला. त्या बाटलीतल्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सोडियम ५१३, समुद्राच्या लिटरमध्ये ४८० च्या आसपास. समुद्राच्याच तोडीचं पाणी थेंबाथेंबाने आईच्या हातात चाललं होतं. दर काही तासांनी रक्त घेत. पहाटे मी लॅबच्या दाराशी उभा होतो, आणि तिथल्या मुलाने आईची नळी बाजूला ठेवून आधी दुसऱ्याच तीन कुप्या यंत्राला लावल्या. मी विचारलं तर म्हणाला, "कंट्रोल आहेत काका. कमीचा, नॉर्मलचा, जास्तीचा. तिन्ही जुळले की मगच पेशंटचं." त्या मुलाचे मी हात धरले. त्याला काही कळलं नाही.

११६, १२१, १२४, १२८. चौथ्या दिवशी तिने मला माझ्या नावाने हाक मारली. आणि विचारलं, "माशांना पाणी घातलंस का?"

घातलं नव्हतं. सहा दिवसांनी तिला घेऊन घरी आलो तेव्हा पाणी दोन बोटं खाली उतरलेलं, काचेवर मिठाची पांढरी किनार. क्षितिज चाळिसाच्याही वर होतं. दीड वजा करून खरं माप ३९. बारा लिटर गोडं पाणी एकदम ओतण्याचा मोह झाला. ओतलं नाही. दिवसाला एक-एक आकडा उतरवत चार दिवसांत ३५ वर आणलं, आणि रोज टाकीच्या थेंबाआधी बाटलीचा थेंब. आई सोफ्यावर बसून वहीत तारीख आणि आकडे लिहीत होती. एका बाजूला टाकीचे, दुसऱ्या बाजूला तिच्या सोडियमचे.

मृग लागायच्या आधी मामेभाऊ हर्णैहून आला, सोबत शिसाभर समुद्र. बाटलीचा थेंब पाहून घेतला, मग हर्णैचा. ३६. आईने विचारलं, "आपलं किती?" मी म्हणालो, पस्तीस. तिने दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहिले. मग दोन वाट्यांत दोन्ही पाणी मागवलं, आणि या खेपेस चव घेतली नाही. फक्त वास घेतला.

सराफ्यात भरलेली बाटली घट्ट बूच लावून अंधाऱ्या कपाटात आहे, कारण तिच्यातलंही पाणी उडालं तर ती खोटी होईल. अजून पाऊणशे मिलिलिटर कमी एक लिटर शिल्लक आहे, आणि एका तपासणीला तीन थेंब पुरतात. या शहरात तुमच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी असेल आणि तुमचं यंत्र फक्त शून्यावर जुळवलेलं असेल, तर अशी एक बाटली तुम्हीही भरून ठेवा. साडेछत्तीस ग्रॅम कोरडं मीठ, ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी. काटा नसेल तर कुठल्याही सोनाराकडे जा. मीठ त्यांच्या हातात देऊ नका, गादीवर ठेवा.